तेरेक-बुलाकचं चाचणी गाळप

"पेटवू का?" तुर्दुबेकनं विचारलं.

बॉयलरच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. मी, तो, त्याची बायको राइसा आणि मागं कारखान्याची साठ-सत्तर माणसं. झाडून सगळे इस्त्रीचे कोट घालून आलेले. बॉयलर हाऊसमध्ये कोट! दोन वर्षांनी कारखाना पेटणार म्हणून मंडळी लग्नाला आल्यासारखी नटून आली होती. तुर्दुबेकच्या हातात तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा टेंभा होता आणि तो माझ्याकडं बघत होता.

"मला काय विचारतोस? कारखाना तुझा," मी म्हणालो.

"कारखाना माझा, पण मिशन तुझं, बळवंतोविच. तू म्हण."

"अजून विचार करा दोघं," राइसा म्हणाली. ती कारखान्याची चीफ केमिस्ट. बोलणं मोजकं, पण सरळ तोंडावर. "एकदा जळलेला कोळसा परत येत नाही. हिवाळा मात्र येतो."

"राइसा अख्मेतोव्ना, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता?" मी म्हणालो. "मी आहे ना."

खिशातून एक अक्रोड काढला. आमच्याकडं हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरची पूजा करून नारळ फोडतात. तिथं नारळ कुठून आणणार? टाचेखाली अक्रोड फोडला, अर्धा गर बॉयलरच्या तोंडात टाकला, अर्धा तुर्दुबेकच्या हातावर ठेवला. माणसं हसली, टाळ्या वाजवल्या. तुर्दुबेकनं टेंभा आत सारला.

हे पंच्याण्णव सालच्या ऑक्टोबरातलं. देश किरगिझस्तान, गावाचं नाव तेरेक-बुलाक. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही.

मी जयसिंग बळवंत खराडे. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी इंजिनिअर होतो, पण शिकलो होतो कीव्हमध्ये, सोव्हिएत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. सत्तरच्या दशकात पाच वर्षं तिथं काढली, रशियन तोंडात बसली. पुढं सोव्हिएत युनियन फुटलं, एका देशाचे पंधरा झाले. सगळे कारखाने सरकारी, आणि सरकारकडं पगाराला पैसे नाहीत. मग श्रीमंत देशांनी मदत देऊ केली. म्हणाले, बाजारात उतरा, आम्ही कर्ज देतो, माणसं पाठवतो, कुठले कारखाने ठेवायचे आणि कुठले मोडायचे ते सांगतो. त्यांना साखरही कळणारा आणि रशियनही बोलणारा माणूस हवा होता. असले नमुने जगात किती असणार? कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी बिनपगारी रजा टाकली आणि गेलो.

आमच्या या मदतीच्या मिशनचा प्रमुख रॉबिन पेलम नावाचा इंग्रज होता. माणूस सज्जन. हे आधीच सांगून ठेवतो, कारण असल्या गोष्टीत साहेब हलकट निघाला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पेलम ड्रायव्हरलाही आपल्याबरोबर जेवायला बसवायचा. त्यानं मला पुढं पाठवलं. म्हणाला, "तीन आठवडे राहा, यंत्रं तपास. मग मी येतो."

स्टेशनवर मला न्यायला तुर्दुबेक स्वतः आला होता. गडी उंच, पुढचे दोन दात सोन्याचे. मूळचा चीफ इंजिनिअर, पण डायरेक्टर नोकरी सोडून राजधानीत चिनी जाकिटं विकायला गेला, म्हणून डायरेक्टरही हाच. दोन वर्षं पगार कुणालाच नव्हता, तरी माणसं रोज कामावर यायची, यंत्रं पुसायची, तेल घालायची. बोलता बोलता निघालं की तोही कीव्हचाच, माझ्याच कॉलेजचा, तीन वर्षं पुढं. त्याच हॉस्टेलच्या मेसमधलं पातळ कोबीचं सूप दोघांनीही प्यालेलं!

"त्या म्हाताऱ्या आचारीणबाई आठवतात का रे?" त्यानं विचारलं.

"मिश्या होत्या, त्या?"

"त्याच, त्याच!" आणि रस्त्यातच त्यानं मला कवटाळलं.

तिथं माणसाला बापाच्या नावानं हाक मारतात. माझा बाप बळवंत, म्हणून मी बळवंतोविच. आमचे बापू हे ऐकायला असते तर धोतर सावरत हसले असते.

कारखाना जुना होता, पण ठणठणीत. आपल्याकडं ऊस, तिथं बीट. आपलं लाल नव्हे, पांढरं, फुगलेल्या मुळ्यासारखं. ते धुऊन त्याचे काप करायचे, गरम पाण्यात गोडी उतरवायची, पुढं सगळं आपल्यासारखंच. पूर्वी बिटाचा हंगाम संपला की क्यूबाची कच्ची साखर यायची, कारखाना वर्षभर चालायचा. ती बंद झाली. शेतकऱ्यांनी बीट सोडून गहू पेरला. पण त्या वर्षी तुर्दुबेक गावोगाव फिरला होता. बीट द्या, साखर करून परत देतो, असा शब्द देऊन त्यानं अंगणात बिटाचा डोंगर उभा केला होता. दंव पडायला लागलं होतं. महिनाभरात ते बीट सडणार होतं.

आणि कोळसा. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं हिच्यावर आहे. तिथं घरात चूल नसते. कारखान्याच्या बॉयलरमधलं गरम पाणी जमिनीखालच्या नळांनी गावभर फिरतं. चार-चार मजल्यांच्या चाळींत, शाळेत, बाळंतघरात. बॉयलर विझला की गाव गारठलं. गारठलं म्हणजे आपल्या स्वेटर घालायच्या थंडीसारखं नव्हे, उणे पंचवीस. कारखान्याच्या आवारात त्या वर्षीचा कोळसा येऊन पडला होता. लहान बॉयलर मार्चपर्यंत कसाबसा चालेल, एवढाच. आणखी मिळायचा नव्हता. खाण आता रोख मागत होती.

मोठा बॉयलर पेटवून कारखाना चालवायची कल्पना माझी. हो, माझीच.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी ती मांडली. राइसानं चहा ठेवला होता, जर्दाळूचा मुरंबा वाटीत काढला होता.

"बंद कारखान्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही," मी म्हणालो. "आमचा कारखाना दोन हंगाम बंद होता. अर्ज केले, खेटे घातले, काही झालं नाही. शेवटी चेअरमननं जळणाला उधारीवर लाकूड आणि उसाचं चिपाड आणलं, चाचणी गाळप लावलं आणि मंत्र्याला बोलावलं. चिमणीतून धूर निघाला, पोत्यात साखर पडली, मंत्र्यानं जागच्या जागी हमी दिली. तुम्हीही तसंच करा. तीन दिवस चालवा. पेलमला डोळ्यांनी बघू दे. मदत मंजूर झाली की पहिल्या हप्त्यात कोळसा येतो, सुटे भाग येतात."

"तीन दिवसांत किती कोळसा जाईल?" राइसानं विचारलं.

"निम्मा," तुर्दुबेक म्हणाला. त्यानं हिशोब आधीच केला होता. त्याचे डोळे लकाकत होते.

"म्हणजे जानेवारीत गाव थंड."

"जानेवारीच्या आत नवा कोळसा येईल, राइसा."

"कुणी सांगितलं येईल?" ती माझ्याकडं वळली. "तुमचा साहेब काय म्हणतो?"

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन पेलमला फोन लावला. लाइन खरखरत होती. मी विचारलं, "तेरेक-बुलाकचं काही ठरलंय का?" तो म्हणाला, "जयसिंग, मी येऊन बघणार आहे. अहवालावर सही होईपर्यंत काहीच अंतिम नसतं." मी चाचणीचं सांगितलं. तो म्हणाला, "चालवून दाखवलंत तर उत्तमच. उपयोग होईल."

उपयोग होईल! आमच्याकडं साहेब एवढं बोलला की गावात पेढे वाटतात. काहीच अंतिम नाही याचा अर्थ, या, भेटा, पटवा. मी पोस्टातून बाहेर आलो तो हवेत तरंगतच.

"तर काय म्हणाला?" राइसानं विचारलं. "मदत मिळेल असं म्हणाला?"

"तसंच म्हणाला म्हणायचं," मी सांगितलं.

"म्हणायचं म्हणजे?"

"अहो, मिळेल. चाचणी उपयोगाची आहे, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाला तो. मी आहे ना."

 तुर्दुबेकनं लगेच उठून कोट चढवला आणि माणसं गोळा करायला गेला.

आणि कारखाना चालला की हो! पहिल्या दिवशी दोन पंप बसले, एक पट्टा तुटला. तुर्दुबेक पंपाखाली पाठीवर झोपून चार तास शिव्या देत होता, किरगिझमध्ये, रशियनमध्ये, आणि मी शिकवलेल्या दोन मराठी शिव्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅनमध्ये दाणा धरला. पाकातून साखर वेगळी करणारी सेंट्रिफ्यूगल फिरायला लागली, आणि पांढरी साखर खाली पडली. राइसानं चिमूटभर घेतली, काचेवर पसरली, भिंगातून पाहिली. दाणा एकसारखा. तिनं भिंग खाली ठेवलं आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. सगळ्या बायका साखरेत हात घालत होत्या, एकमेकींच्या तोंडात कोंबत होत्या. एका म्हातारीनं माझ्याही तोंडात बोटानं साखर घातली. लहानपणी आई घालायची तशी. इतका आनंद मी माझ्या पोरांच्या लग्नातही पाहिलेला नाही.

पेलम तिसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. आला नाही. दुपारी निरोप आला की मंत्रालयात बैठक लांबली, उद्या येतो.

तुर्दुबेकनं मला कोळशाच्या ढिगापाशी नेलं. निम्म्यापेक्षा जास्त ढीग गेला होता.

"थांबवू?" त्यानं विचारलं.

"थांबवलास तर पॅनमधला माल गोठेल. पुन्हा पेटवायला पहिल्यापेक्षा जास्त कोळसा लागेल. आणि उद्या तो आला आणि चिमणी थंड, मग काय दाखवणार?"

"म्हणजे चालवू?"

"चालव. उद्या येतोय तो."

"बळवंतोविच," तो हळू म्हणाला, "मी मिशनचं ऐकून चालवतोय. माझ्या एकट्याच्या हिमतीवर नव्हे. या गावची सहा हजार माणसं माझ्या हाती आहेत."

"अरे मर्दा, मी आहे ना!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

चौथ्या दिवशीही पेलम आला नाही. फोन लावला तर ऑफिसातली बाई म्हणाली, निघायच्या तयारीत आहेत. पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला त्याची गाडी फाटकातून आत आली. तोवर ढिगाच्या जागी काळी माती दिसायला लागली होती. कडेला राहिला होता तो चुरा.

पेलमनं कारखाना चाळीस मिनिटं पाहिला. प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. साखर जिभेवर ठेवून "वा!" म्हणाला. तुर्दुबेकनं चार वाक्यं इंग्रजीत पाठ केली होती, ती त्यानं घाम पुसत म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पेलमनं वही काढली आणि टर्बाइनवरच्या, सेंट्रिफ्यूगलवरच्या पट्ट्या वाचत साल आणि नंबर उतरवून घ्यायला लागला.

राइसा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "नंबर कशाला घेतोय तो?"

"नोंद लागते."

"साखरेचं काहीच विचारलं नाही त्यानं. बीट किती, शेतकरी किती, कामगार किती, काहीच नाही."

"अहो, ते सगळं माझ्या अहवालात येणार आहे."

ती पेलमच्या पेन्सिलीकडं बघत राहिली. जेवायला बकरं कापलं होतं, पण पेलमला रात्रीच्या आत राजधानी गाठायची होती. मीही त्याच्याबरोबर निघालो. तुर्दुबेक फाटकापर्यंत आला. खिडकीतून माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "निकाल लागला की तार कर. एकच शब्द पाठव, बास."

गाडी डोंगराला लागली तेव्हा मी पेलमला म्हणालो, "बघितलंस ना? सोन्यासारखा कारखाना आहे. कोळसा लगेच पाठवायला लागेल, त्यांच्याकडं काही उरलं नाही."

पेलमला खरंच काही कळेना. 

"जयसिंग, तो कायमचा बंद करायच्या यादीत आहे. गेल्या एप्रिलपासूनच. कर्जाचा पहिला हप्ता त्याच अटीवर सुटला. यादी त्यांच्या सरकारनंच सही करून दिलीय. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मग मला कशाला पाठवलंस?"

"यंत्रं भंगारात विकायची की यंत्रं म्हणून, ते ठरवायला. आता चालू स्थितीत म्हणून विकता येतील. तू चाचणी लावलीस हे फार बरं झालं. किंमत चांगली येईल, त्यातून कामगारांची देणी भागतील."

"तू फोनवर म्हणालास, काहीच अंतिम नाही!"

"नव्हतंच. सरकारनं विचार बदलला असता तर? त्यासाठीच बैठक लांबली. मी दोन दिवस तिथं बसून होतो. नाही बदलला त्यांनी." मग त्याला आठवलं. "कोळसा म्हणालास. कुठला कोळसा?"

मी सांगितलं. तो पांढराफटक पडला. "गावाचा? घरं गरम ठेवायचा?" मग म्हणाला, "अरे देवा! पण तुला हे कुणी करायला सांगितलं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. गाडी फिरव, असं म्हणायचं मनात आलं. म्हणालो नाही. तिथं जाऊन काय तोंड दाखवणार होतो? राजधानीत पोचल्यावर पेलमनं आपल्या परीनं धावपळ केली. या खात्यात गेला, त्या खात्यात गेला. बंद कारखान्याला इंधन द्यायची तरतूद कशातच नव्हती. गावाचं हीटिंग हे सरकारचं काम, आणि सरकारचं म्हणणं की ते कारखान्याचं काम. मी अहवालावर सही केली. यंत्रसामग्री चालू स्थितीत आहे, असं त्यात होतं, आणि ते खरंही होतं. तार मात्र केली नाही. तो एक शब्द काय लिहायचा तेच मला सुचेना. मंत्रालयाचं पत्र तुर्दुबेकला परस्पर गेलं.

फेब्रुवारीत यंत्रं मालगाडीत चढली की नाहीत हे तपासायला मला पुन्हा तेरेक-बुलाकला पाठवलं.

रस्त्याच्या दुतर्फा पॉप्लरची झाडं होती, त्यांची नुसती खोडं उरली होती. सगळी जाळली. चाळींच्या खिडक्यांतून पत्र्याच्या शेगड्यांची धुराडी बाहेर आलेली, आणि निम्म्या खिडक्यांमागं तर माणसंच नव्हती. उरलेला चुरा रोज थोडाथोडा जाळत डिसेंबरच्या अखेरीपर्यंत कसाबसा ओढला होता. जानेवारीत जमिनीखालचे नळ गोठून फुटले. माणसं नातेवाइकांकडं पांगली. ज्यांना नातेवाईक नव्हते ती राहिली. कारखान्याची भिंत पाडून यंत्रं बाहेर काढत होते, आणि काढणारे तेच कामगार होते. कुणी माझ्याशी वाईट बोललं नाही. एकानं टोपीला हात लावला.

मी कागद तपासत होतो, तेवढ्यात निरोप आला की कारखान्याच्या क्लबात सभा आहे, मिशनच्या साहेबांनाही बोलावलंय. मिशनचे साहेब म्हणजे मी.

हॉलमध्ये दोनशे माणसं अंगावरच्या कपड्यांवर घोंगड्या लपेटून बसली होती. तोंडातून वाफा निघत होत्या. स्टेजवर टेबल, टेबलामागं जिल्ह्याचा सरकारी वकील. तिशीतला पोरगेला माणूस, कानापर्यंत टोपी ओढलेली. बाजूला तुर्दुबेक उभा. तो अर्धा झाला होता. मला पुढच्या रांगेत बसवलं. शेजारी राइसा. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि थोडी सरकून जागा दिली.

वकिलानं वाचून दाखवलं. थंडीनं सात माणसं गेली होती. पाच म्हातारी आणि बाळंतघरातली दोन तान्ही. गावाचं इंधन गावाला न विचारता जाळल्याचा गुन्हा तुर्दुबेक असानोविचवर होता.

"मी परत एकदा विचारतो," वकील तुर्दुबेकला म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट अजिजीच होती. "हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून केलं का? मंत्रालयाच्या? मिशनच्या? लेखी नसलं तरी चालेल. मिशनच्या माणसानं नुसतं तोंडी सांगितलं असलं, तरी हे प्रकरण माझ्या अखत्यारीतलं राहत नाही. मी फाइल वर पाठवीन. परदेशी मिशनला कुणी हात लावत नाही. ती फाइल तिथंच पडून राहील, आणि तुम्ही घरी जाल."

तुर्दुबेकनं माझ्याकडं पाहिलं.  नजरेत मागणी नव्हती, धमकी नव्हती. दोन मित्रांत एकाची बोलायची पाळी असते तसा तो गप्प राहिला.

वकीलही माझ्याकडं वळला. "आपण त्या पाच दिवसांत इथं होता. आपण यांना काही सांगितलं होतं?"

मी उठून उभा राहिलो.

आता ऐका. मला माहीत होतं काय बोलायचं ते. "हो, मी सांगितलं." तीन शब्द. त्यानं माझं काय वाकडं होणार होतं? तुरुंग नाही, दंड नाही. फार तर मिशननं मला घरी पाठवलं असतं. पुढच्या दोन वर्षांचं युक्रेनचं काम ठरलं होतं, ते गेलं असतं. आणि हातून सात माणसं गेलेला माणूस म्हणून माझं नाव कुठल्यातरी कागदावर आलं असतं. मला त्या सात जणांची भीती वाटली. एकदा हो म्हटलं की ती माझी होणार होती. वर्षानुवर्षं ज्याला त्याला, शेतकऱ्याला, फिटरला, भावकीला, मी आहे ना, मी आहे ना म्हणत आलो, आणि खरंच असायची वेळ आली तेव्हा मी मागं सरलो.

"मी फक्त यंत्रांच्या तांत्रिक तपासणीसाठी आलो होतो," मी म्हणालो. "इंधन कसं वापरायचं हा व्यवस्थापनाचा निर्णय असतो."

शुद्ध रशियनमध्ये. कीव्हला परीक्षेत दिलं असतं तसं उत्तर.

 तुर्दुबेकनं मान डोलावली. "बरोबर आहे," तो वकिलाला म्हणाला. "असंच आहे. मी ठरवलं, मी पेटवला."

वकिलानं पेन उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग लिहिलं. त्या लिहिण्यावर तुर्दुबेकला चार वर्षांची कैद झाली. दुसऱ्या वर्षी तो आतच क्षयानं गेला. हे मला युक्रेनमध्ये असताना पेलमकडून कळलं. पेलमला वाटत होतं की मला आधीच ठाऊक असेल.

पण तेव्हा सभा संपली नव्हती. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना रशियन येत नव्हतं. त्यांनी ओरडून काहीतरी विचारलं. तुर्दुबेक त्यांच्याकडं वळला आणि किरगिझमध्ये बोलायला लागला. सावकाश, घरातल्यांना सांगावं तसं. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी राइसाकडं पाहिलं.

तिनं समोर बघतच, रशियनमध्ये, कोरड्या आवाजात मला सांगितलं. "तो सांगतोय की पाहुण्याचा काही दोष नाही. पाहुणा आज जाणार आहे, रस्त्यात बर्फ आहे. त्याला आशीर्वाद द्या, म्हणतोय."

सर्वांत म्हातारा माणूस मागून काठी टेकत उठला. त्यानं दोन्ही हात छातीसमोर उघडे धरले आणि पुटपुटायला सुरुवात केली. सगळ्या हॉलनं हात उघडले. तुर्दुबेकनं उघडले, वकिलानंही पेन ठेवून उघडले. म्हातारा थांबला तसे सगळ्यांनी ते हात तोंडावरून फिरवले.

राइसाचे हात मांडीवरच होते. मी माझे वर केले आणि तोंडावरून फिरवले.